तुमचा चष्मा मला लागतो

१२ सप्टेंबर

ताई,

ताई म्हणायची परवानगी तुम्ही दिलेली नाही, मीच घेतली. आपल्या नात्याला भाषेत एक शब्द आहे, पण तो लिहून पाहिला आणि खोडला. तुम्ही हे घर सोडल्यावर चार वर्षांनी मी इथे आले. मी त्याची आत्ताची बायको. त्याला पत्रात काय म्हणावं हाही प्रश्नच आहे. 'हे' म्हणावं, तर तुम्हीही कधीतरी 'हे' म्हणत असाल. म्हणून सरळ 'तो' लिहिते.

काम साधं आहे. खिडकीजवळच्या कपाटाच्या खालच्या खणात तुमचा चष्मा सापडला. तपकिरी काड्यांचा, उजवी काडी दोऱ्याने बांधलेली. तो मी वापरू का?

मला सहावा महिना आहे. इतरांना आंबट-गोडाचे डोहाळे लागतात, मला स्पष्ट दिसण्याचे लागलेत. चौदाव्या वर्षापासून चष्मा आहे, नंबर कधी हलला नाही. आणि गेल्या महिन्यापासून सगळं कडेने विरघळायला लागलं. चष्मेवाल्याने तपासलं आणि हसला. म्हणाला, "या दिवसांत अंगात पाणी साठतं, तसं डोळ्यातही साठतं. नंबर डळमळतो. बाळंतपण होऊ द्या, आपोआप जागेवर येईल. आत्ता नवा चष्मा करून पैसे वाया घालवू नका." त्याचंही बरोबर, पण माझं पोट डोळ्यांवर चालतं. मी बाटल्यांच्या कारखान्यात तपासणीला आहे. पांढऱ्या दिव्यापुढून पट्ट्यावर बाटल्या सरकत जातात. बुडबुडा असलेली, केसाएवढा तडा गेलेली बाटली मी उचलून बाजूला काढायची. तिथे मला सगळे 'भिंग' म्हणतात. तर भिंगालाच दिसेना.

मग तुमचा चष्मा गंमत म्हणून लावला आणि समोरच्या छपरावर बसलेल्या पाखराची चोच दिसली. इतका नेमका नंबर! सासूबाईंना दाखवला तर त्यांनी हातातला कपडा खाली ठेवला. "तो तिने शेवटच्या महिन्यांत केला होता," म्हणाल्या. आणि पुन्हा घड्या घालू लागल्या. नंतर तुमचा पत्ताही त्यांनीच दिला. मी मागितला नव्हता. इतकी वर्षं त्यांच्याकडे होता, हे त्याला माहीत नाही.

उत्तर द्यायलाच हवं असं नाही.

भिंग

२८ सप्टेंबर

ताई,

कार्ड मिळालं. 'वापर. मला नको तो.' चारच शब्द, पण आले. आभार.

चष्मा आठवडाभर छान लागला, मग तोही पुरेना. कामावर एक विचित्र गोष्ट झाली. सकाळपासून प्रत्येक बाटलीला तडा दिसत होता. मानेपासून खाली, वाकडातिकडा, चकाकणारा. मी काढत गेले, काढत गेले. मुकादम येऊन उभे राहिले. माणूस चांगला आहे, आवाज चढवत नाही.

"भिंगबाई, ही रास कसली?"

"तडे आहेत."

त्यांनी एक बाटली उचलून दिव्यापुढे धरली, दुसरी धरली, तिसरी धरली. "कुठे?"

मी बोटाने दाखवलं. प्रत्येक बाटलीत एकाच जागी. मग मी डोळे मिटले, तर तडा तसाच समोर. बाटलीत नव्हता तो. मुकादम म्हणाले, "दमलीस. उद्यापासून खोकी बांधायला बस." बायका हसल्या. मीही हसले, काय करणार.

पण तुम्हाला लिहायचं ते हे नाही.

परवा कामावरून आले. दारातून आपला जिना सरळ दिसतो, तुम्हाला सांगायला नको. वरच्या पायरीवर कुणीतरी बसलं होतं. मला वाटलं शेजारच्या कुणी आल्यात. चपला काढता काढता सासूबाईंना विचारलं, "वर कोण बसलंय?"

त्यांनी 'कोण' असं विचारलं नाही, ताई. जिन्याकडे पाहिलंही नाही. त्या म्हणाल्या, "कशी बसलीय?"

मी म्हटलं, "पाठमोरी. एक हात भिंतीवर टेकवून."

त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि दिवेलागणीपर्यंत बाहेर आल्या नाहीत. मी जिना चढले तेव्हा पायरीवर कुणी नव्हतं. भिंतीवर त्या उंचीला रंग जरासा मळलाय, एवढंच.

तुम्ही तिथे बसायचा का?

भिंग

१७ ऑक्टोबर

ताई,

तुमचं उत्तर तीनदा वाचलं, मग चुलीत घातलं. घाबरू नका, कुणी पाहिलं नाही. 'हो, बसायचे. भिंत हलताना दिसायची, म्हणून हात लावून बघायचे. तुला काही दिसत असेल तर कुणालाही सांगू नकोस. मी सांगितलं, म्हणून मला नेलं.'

ऐकलं मी. या महिन्याची दवाखान्यातली तपासणी टाळली. तिथली नर्स गोड बोलून सगळं काढून घेते. घरी सांगितलं, सगळं ठीक आहे म्हणाले.

तुमच्याबद्दल मला काय सांगितलंय ते तुम्हाला माहीत असलेलं बरं. लग्नाआधीच त्याने सांगितलं, लपवलं नाही. आठव्या महिन्यात तुमचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही, घरात चांदी सांडतेय म्हणायचात, माणसांना तोंडं नाहीत म्हणायचात. मग एका सकाळी तुम्ही जिन्यावरून उडी टाकलीत. मूल गेलं. तुम्हाला मनोरुग्णालयात ठेवलं आणि तिथून तुम्ही इकडे परतला नाहीत. हे सांगताना तो बुटांच्या नाड्या सोडत होता, बांधत होता, पुन्हा सोडत होता. मला तेव्हा तुमची भीती वाटली होती. या घरात येताना जिन्याकडे बघायचं टाळत होते.

आता ऐका. परवा संध्याकाळी तो कामावरून आला. लिफ्टच्या दुरुस्तीचं काम, कपड्यांना ग्रीसचा वास. टेबलापाशी उभा राहून माझ्याशी बोलत होता. मी मान वर केली तर शर्टाची कॉलर होती आणि कॉलरीच्या वर भिंत होती. रक्त नाही, भोक नाही, काही नाही. नुसती भिंत, आणि भिंतीतला एक रिकामा खिळा. त्या भिंतीतून त्याचा आवाज येत होता.

"बरी आहेस ना?"

"हो."

"माझ्याकडे बघ जरा."

"बघतेच आहे की."

"नाही," तो म्हणाला, "तू माझ्या मागे बघतेयस."

मी नजर थोडी बाजूला नेली तसं त्याचं डोकं कानाकडून हळूहळू परत आलं. घाबरलं होतं ते. मला कळलं की त्याने असं बघणं आधी पाहिलेलं आहे.

रविवारी त्याने जिन्याच्या तोंडाशी जाळीचं दार बसवलं. लिफ्टला असतं तसं, सरकणारं. कडी पलीकडून. "तू पडू नयेस म्हणून," म्हणाला. प्रत्येक स्क्रू तो पुन्हा पुन्हा पिळून बघत होता, म्हणून मी वाद घातला नाही. सकाळी जाताना तो कडी घालतो. सासूबाई जेवण घेऊन वर येतात तेव्हा काढतात, जाताना पुन्हा घालतात. कामावर जायचं बंद केलंय.

बोटं सुजलीत, अंगठी साबण लावून काढली. पायात त्याच्या चपला घालते, माझ्या होत नाहीत. डोकं दुखतं. पण हे सगळ्यांनाच होत असेल.

आरशात आज माझंही डोकं नव्हतं. चष्मा तेवढा होता, हवेत.

तुम्हाला शेवटी शेवटी काय दिसायचं? मला ओळीने सांगा, म्हणजे काय येणार ते कळेल.

भिंग

२५ ऑक्टोबर

ताई,

ओळी एकमेकींवर चढल्या असतील, सांभाळून घ्या. कागदाची डावी बाजू मला दिसत नाहीये.

तुमचं उत्तर आलं नाही. आलं असेल तर खालीच राहिलं असेल.

चांदी सांडते. तुम्ही म्हणायचात ते अगदी बरोबर होतं, दुसरा शब्दच नाही. छताकडून बारीक चुरा पडतो आणि जमिनीपर्यंत पोचत नाही. ती बाई आता जिन्यावर नसते, आत आलीय. पलंगाच्या पायथ्याशी पाठमोरी बसते. डावा खांदा उजव्यापेक्षा खाली. मी तिला काही विचारत नाही. तीही वळत नाही. भीती ती बसलेली असण्याची नाही, ती वळेल याची आहे.

बरगड्यांखाली उजवीकडे दुखतंय. जेवण राहत नाही.

सासूबाई हे पत्र टाकतील. त्यांनी काही विचारलं नाही, पदराखाली लपवून नेतील.

मी कुणालाही सांगितलेलं नाही. तुम्ही म्हणालात तसंच.

भिंग

२२ नोव्हेंबर

ताई,

आता अक्षर नीट आहे, पाहिलंत? डॉक्टर म्हणाल्या थोडं थोडं लिहा, म्हणून हे पत्र चार दिवस चाललंय. तुम्ही त्या दिवशी निघून गेलात, त्यामुळे अर्धंच तुम्हाला ठाऊक आहे. उरलेलं सांगते. त्यातला काही भाग, मी बेशुद्ध असल्याने, सासूबाईंकडून ऐकलेला आहे.

तुम्ही आलात ती दुपार आधी माझ्या बाजूने सांगते. मी पलंगावर होते, उठवत नव्हतं. पायथ्याशी बाई नव्हती. पाहिलं तर जाळीपलीकडे उभी होती, आणि पाठमोरी नव्हती. तिच्या तोंडाच्या जागी जिन्याच्या खिडकीचा उजेड होता. मला वाटलं, झालं, वळली. मी पोटावर दोन्ही हात ठेवले. आणि ती बाई म्हणाली, "ही कडी कुठून निघते?"

तेवढ्यात मला समजलं. भासातल्या बायका कडी कशी काढायची ते विचारत नाहीत.

खालून सासूबाईंचा आवाज आला, "डावीकडून वर उचल." सात वर्षांनी त्यांनी तुम्हाला दारात पाहिलं आणि पहिलं वाक्य हे बोलल्या! त्या नंतर मला म्हणाल्या, "तिला आत घेताना मी काही विचार केला नाही. विचार केला असता तर घेतलं नसतं."

तुम्ही म्हणालात, "ऊठ. चपला राहू दे." तुमच्या कॉलरला टाचण्या होत्या. माझं पत्र वाचून, पडदे शिवता शिवता तशाच उठून बस पकडली होतीत. जिना उतरताना तुम्ही माझ्यापुढे उलट्या पावलांनी उतरलात, दोन्ही हात धरून. त्या जिन्यावर. मी तेव्हा माझ्यातच होते, पण आता लिहिताना अंगावर काटा येतो. टॅक्सीकडे जाताना मात्र तुम्ही पुढे झालात, आणि मला तुमची पाठ दिसली.

टॅक्सीत तुम्ही एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होतात. "मी लिहिलं ते चुकीचं होतं. सगळं सांग त्यांना. बाटल्या, भिंत, चांदी, एकूण एक सांग. वेडी म्हणाले तर म्हणू देत, मी आहे." दवाखान्यात नर्सने विचारलं, तुम्ही कोण? तुम्ही म्हणालात, "बहीण." नर्सने दंडाला पट्टा बांधला, आकडा पाहिला, यंत्र बिघडलंय म्हणून दुसरं आणलं. मग ती पळत गेली.

मला ढकलगाडीवर घालून नेत होते तेव्हा तुम्ही बाजूने चालत होतात. तुम्ही म्हणालात, "माझं काय झालं होतं, मुलगा की मुलगी, ते मला कुणी सांगितलंच नाही. तू लगेच विचार. शुद्धीवर आलीस की पहिलं तेच विचार." मग दार लागलं.

तो सासूबाईंना घेऊन पोचला तेव्हा तुम्ही गेला होतात. त्याने दाराच्या काचेतून आत पाहिलं आणि नेमकं तेव्हाच मला झटका आला. सासूबाई सांगतात, अंग लाकडासारखं ताठ झालं, डोळे पांढरे, मग हातपाय आपटायला लागले. सहा जणांनी धरलं. मला यातलं काही आठवत नाही. तुम्हालाही आठवत नाही, असं तुम्ही मनोरुग्णालयातल्या डॉक्टरांना सांगितल्याचं त्याच्या तोंडून ऐकलं होतं. आठवत नाही म्हणूनच तुम्हाला जे सांगितलं गेलं, ते तुम्ही खरं मानलंत.

पोट फाडून बाळ काढलं. मग डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. पन्नाशीच्या, थकलेल्या. त्यांनी त्याला बसवलं. म्हणाल्या, रक्तदाब फार वर गेला होता, तो मेंदूत चढला, म्हणून डोळ्यांपुढे नाही नाही ते दिसायचं आणि दिसायला हवं ते गाळलं जायचं. त्यानेच झटका. वेळेत आणलंत. मग सहज विचारलं, "तुमचं आधी लग्न झालं होतं का, मूल होतं का? त्या वेळी पत्नीला असं काही झालं होतं? हे कधीकधी वडिलांच्या बाजूनेही येतं. पक्कं सांगता येत नाही, पण आम्हाला विचारावं लागतं."

तो म्हणाला, "नाही. तिचं वेगळं होतं. ती मनाने… तिने जिन्यावरून उडी मारली."

आणि सासूबाई बोलल्या, "उडी नव्हती ती."

तो वळला.

"मी खाली भाजी निवडत होते. वर पाहिलं. ती आधी ताठ झाली. हात असे वळले, तोंड असं झालं. मग पडली. आत्ता हिचं झालं तसंच. हुबेहूब."

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"मला काय कळत होतं? तू वरून ओरडत आलास, उडी मारली, उडी मारली म्हणत. दवाखान्यात तेच सांगितलंस. त्यांनी तेच लिहून घेतलं. मला कुणी विचारलं? मला वाटलं, मीच नीट पाहिलं नसेल."

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, त्या वेळी रक्तदाब घेतला होता का? सूज होती का? डोळ्यांची तक्रार होती का? तुमच्या सुजलेल्या पायांवरून तो तेव्हा तुम्हाला चिडवायचा, हे त्याला तिथे आठवलं. मग तो खुर्चीवरून उतरून जमिनीवर बसला. येणारेजाणारे त्याला वळसा घालून जात होते.

म्हणून हे पत्र, ताई. मोठ्या अक्षरात लिहिते. तुम्ही उडी मारली नाहीत. तुम्हाला वेड लागलं नव्हतं. तुम्ही तुमच्या बाळाला काही केलं नाहीत. तुम्हाला आजार होता आणि तुम्ही तो सगळ्यांना सांगत होतात, अगदी बरोबर शब्दांत सांगत होतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जुने कागद बघितल्याशिवाय लिहून देता येणार नाही, पण मला विचाराल तर माझी खात्री आहे. त्या तुम्हाला भेटायला तयार आहेत.

मला पहिले दोन दिवस काहीच दिसत नव्हतं. काळोख नव्हे, धुकं. त्या धुक्यात मी विचारलं, मुलगा की मुलगी? मुलगी. दीड किलोची. काचेच्या पेटीत ठेवली होती, आता बाहेर आली आहे. आवाज तिच्या आकाराला शोभत नाही इतका मोठा. तिसऱ्या दिवशी धुक्यातून एक डोकं वर आलं, त्याचं. मी म्हटलं, "केस केवढे पिकलेत तुझे." तो हसता हसता रडायला लागला. उजव्या डोळ्यात अजून एक करडा ठिपका आहे, जाईल म्हणतात. जिन्याची जाळी त्याने काढून टाकली, मी सांगायच्या आधी.

एक गोष्ट डॉक्टरीणबाईंना विचारली नाही. त्या म्हणाल्या, डोळ्यांना जिथे दिसत नाही तिथे मेंदू आपल्याजवळचं काहीतरी लावून जागा भरतो. भिंत लावतो, उजेड लावतो, माणूस लावतो. पटलं मला. पण ताई, मी तुम्हाला कधी पाहिलं नव्हतं. घरात तुमचा एकही फोटो नाही. तरी टॅक्सीकडे जाताना तुमची पाठ बघितली आणि ओळखली. डावा खांदा खाली. शिवणावर वाकून तसा झाला असेल ना? मी तो पलंगावरून रोज बघत होते. माझ्या मेंदूजवळ तो कुठून आला, मला माहीत नाही. मी परत परत त्याचा विचार करत नाही. दिवसा तरी नाही.

आता शेवटचं. तुम्ही मला गाडीवर जे सांगितलंत, ते मी त्याला सांगितलं. तुमच्या बाळाबद्दलचं. तो म्हणाला, "तिला सांगितलं नव्हतं? कुणीच नाही?" त्याला वाटत होतं दवाखान्याने सांगितलं असेल, दवाखान्याला वाटलं असेल घरच्यांनी. मग त्याने मला सांगितलं. मुलगा की मुलगी, दिसायला कसं होतं, कुठे ठेवलं. सगळं आठवतंय त्याला.

ते मी इथे लिहीत नाही. रागावू नका. ते तुम्हाला माझ्या हातचं, कागदावरून कळायला नको. पत्र लिहू का म्हणाला, तर मी नको म्हटलं. हे पत्र गुरुवारपर्यंत तुमच्या हाती पडेल, आणि शनिवारी सकाळच्या बसने तो निघेल. तुमच्या दारात उभा राहील. त्याला आत घ्यायचं नसेल तर घेऊ नका, तुमच्यावर कसलीही सक्ती नाही. मी त्याला सांगून ठेवलंय, दार उघडलं नाही तरी परत फिरायचं नाही. बाहेरूनच सांगायचं, आणि आतल्या खोलीपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगायचं.

तुमची बहीण